केसपेपर ते कोड : खांदा आणि हाताच्या नसांचे विकार

मानेतून बाहेर पडणारी मज्जातंतूंची शेवटची चार मुळे आणि छातीच्या मणक्यांतले पहिले मूळ अशी पाच मुळे कॉलरबोनच्या मागे एकत्र येतात, परस्परांत मिसळतात, पुन्हा वेगळी होतात आणि काखेपर्यंत पोचेतो त्यांच्यातून हाताच्या सर्व मुख्य नसा तयार होतात. या जाळ्याला वैद्यकात ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. खांदा बाजूला उचलणारी अ‍ॅक्सिलरी, कोपर वाकवणारी मस्क्युलोक्युटेनियस, मनगट आणि बोटे मागे उचलून धरणारी रेडियल, अंगठ्याकडच्या साडेतीन बोटांची संवेदना वाहणारी मीडियन आणि करंगळीकडची बाजू सांभाळणारी अल्नर या पाचही नसा याच जाळ्यातून निघतात, आणि त्यामुळे रुग्णाला त्रास जाणवतो ती जागा आणि नसेत बिघाड झालेला असतो ती जागा यांत कधी कधी हातभर अंतर असते.

हे अंतर केसपेपरवर नीट उतरले नाही, तर त्या केसपेपरवरून दिला जाणारा कोडही चुकतो. वैद्यकीय कोडिंग म्हणजे डॉक्टरांनी शब्दांत लिहिलेले निदान आणि उपचार ठरावीक वर्गीकरणातल्या अक्षर-अंकांच्या संकेतांत बदलणे. विमा कंपनीकडून मिळणारा पैसा, रुग्णालयाची आकडेवारी आणि पुढच्या डॉक्टरांना मिळणारा रुग्णाचा पूर्वेतिहास या तिन्ही गोष्टी या संकेतांवर अवलंबून असतात. अंगठा आणि शेजारची दोन बोटे बधिर होण्याच्या एकाच तक्रारीचे उदाहरण घेतले तरी वर्गीकरणातली पाच-सहा वेगवेगळी प्रकरणे उघडावी लागतात. मीडियन नस मनगटाच्या बोगद्यात दाबली जात असेल तर निदान मज्जासंस्थेच्या प्रकरणात जाते, मानेतली चकती सरकून सहावे मूळ दाबले जात असेल तर हाडे व सांध्यांच्या प्रकरणात, मधुमेहामुळे नस बिघडली असेल तर अंतःस्रावी विकारांत, काच लागून नस कापली गेली असेल तर दुखापतींत, जन्माच्या वेळी जाळे ताणले गेले असेल तर नवजात काळातल्या विकारांत, आणि यांतले काहीच ठरले नसेल तर ते केवळ लक्षणांच्या प्रकरणात राहते. तक्रार एकच असते. डॉक्टरांनी कारण आणि जागा काय लिहिली यावर तिचा पत्ता ठरतो.

या वर्गीकरणाचा जन्म मृत्यूंच्या नोंदींतून झाला. फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ जाक बर्तियाँ यांनी १८९३ मध्ये शिकागो येथे मृत्यूच्या कारणांची एक आंतरराष्ट्रीय यादी मांडली, तिच्या सुधारणा होत गेल्या आणि १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सहावी आवृत्ती हाती घेतली, तेव्हा तिच्यात मृत्यूच्या कारणांबरोबर आजारांचीही भर पडली. आज जगभर वापरात असलेली दहावी आवृत्ती, म्हणजेच आयसीडी-१०, १९९० मध्ये मंजूर झाली. अमेरिकेने तिच्यावर आधारलेली स्वतःची अधिक तपशीलवार आवृत्ती, आयसीडी-१०-सीएम, १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू केली. इथे दिलेले बहुतेक नियम या अमेरिकी आवृत्तीचे आहेत, कारण कोडिंगला स्वतंत्र व्यवसायाचे रूप तिथे आले आणि पुणे, नवी मुंबई, हैदराबाद, चेन्नई येथील कंपन्यांत बसून हजारो भारतीय कोडर, ज्यांत फार्मसी, फिजिओथेरपी, नर्सिंग आणि जीवशास्त्राच्या मराठी पदवीधरांचाही मोठा वाटा आहे, रोज याच नियमांनी अमेरिकी रुग्णांचे चार्ट वाचतात.

अमेरिकी आवृत्तीतला कोड तीन ते सात स्थानांचा असतो. टपालाच्या पिन कोडमधला पहिला आकडा देशाचा मोठा विभाग दाखवतो आणि पुढचा प्रत्येक आकडा पत्ता लहान टापूत आणतो, तसेच इथेही घडते. पहिले अक्षर जी असेल तर विकार मज्जासंस्थेचा, जी ५६ म्हणजे हाताच्या एका विशिष्ट नसेचा विकार, जी ५६.० म्हणजे कार्पल टनेल सिंड्रोम, अर्थात मनगटातल्या अरुंद बोगद्यात मीडियन नस दाबली जाणे, आणि त्यापुढचा आकडा बाजू सांगतो : १ म्हणजे उजवी, २ म्हणजे डावी, ३ म्हणजे दोन्ही आणि ० म्हणजे बाजू नोंदलेली नाही. याच कुटुंबात जी ५६.१ मध्ये मीडियन नसेचे इतर विकार, जी ५६.२ मध्ये अल्नर नसेचे आणि जी ५६.३ मध्ये रेडियल नसेचे विकार येतात. नसेला इजा झाल्यानंतर तिच्या क्षेत्रात उरणारी भयंकर जळजळ, जिला कॉझाल्जिया म्हणतात, ती जी ५६.४ मध्ये येते. पण तशीच जळजळ आणि सूज नसेला इजा झालेली नसताना उद्भवली, तर ते दुखणे जी ९०.५१ या वेगळ्याच घरात जाते. नसेची इजा होती की नव्हती हे एक वाक्य केसपेपरवर नसले, तर कोडरला या दोहोंतली निवड करता येत नाही.

बाजूचा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. नियमांनुसार ‘बाजू नोंदलेली नाही’ हा कोड क्वचितच वापरला जावा अशी अपेक्षा आहे, आणि अलीकडच्या नियमांनी कोडरला एवढी मोकळीक दिली आहे की डॉक्टरांनी बाजू लिहिली नसेल तर नर्स किंवा अन्य वैद्यकीय कर्मचाऱ्याच्या नोंदीवरून ती घेता येते. दोन नोंदी परस्परविरोधी असतील तर मात्र डॉक्टरांनाच विचारावे लागते. दोन्ही हातांना कार्पल टनेल असलेल्या रुग्णाच्या उजव्या हाताची शस्त्रक्रिया आधी झाली, तर त्या वेळी ‘दोन्ही’ हाच कोड द्यायचा, कारण विकार अजून दोन्हीकडे आहे. काही आठवड्यांनी डाव्या हाताची शस्त्रक्रिया होते तेव्हा उजवा हात पूर्ण बरा झाला असेल तर फक्त डाव्याचा कोड द्यायचा, आणि उजवीकडे त्रास उरला असेल तर पुन्हा ‘दोन्ही’. म्हणजे दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या नोंदीत पहिल्या हाताची सद्यःस्थिती लिहिलेली असणे आवश्यक ठरते, आणि व्यवहारात नेमकी तीच ओळ गळते.

याउलट, सर्वांत गंभीर इजांच्या कोडमध्ये बाजूला जागाच नाही. ब्रेकियल प्लेक्ससच्या इजेचा कोड एस १४.३ हा आहे, आणि त्यात उजवा-डावा असा भेद नाही. अपघाताखेरीज इतर कारणांनी या जाळ्याला होणाऱ्या विकारांचा कोड जी ५४.०, गळ्याच्या बुडाशी नसा आणि रक्तवाहिन्या दाबल्या जाणारा थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम त्यातच मोडतो, आणि त्यालाही बाजू नाही. खांद्यात अचानक तीव्र वेदना होऊन काही दिवसांनी स्नायू लुळे पडणारा न्यूराल्जिक अ‍ॅमायोट्रॉफी हा आजार, ज्याचे वर्णन पार्सनेज आणि टर्नर यांनी १९४८ मध्ये केले, जी ५४.५ मध्ये वेगळा ठेवला आहे, पण तोही बाजूविना. बोटांच्या मुंग्यांची बाजू जपणारे वर्गीकरण संपूर्ण हात लुळा करणाऱ्या इजेची बाजू विसरते, ही त्याची मोठी उणीव आहे आणि ती भरून काढण्याचे काम फक्त डॉक्टरांच्या शब्दांना करावे लागते.

अपघातांच्या प्रकरणात नियम अधिक कडक होतात. ताज्या इजेने बिघडलेली नस जी ५६ मध्ये नोंदता येत नाही. वर्गीकरणातली ‘वगळा’ ही सूचना तिला शरीराच्या भागानुसार दुखापतींच्या प्रकरणात पाठवते. खांदा आणि दंडाच्या पातळीवरच्या नसांच्या इजा एस ४४ मध्ये येतात : एस ४४.० अल्नर, एस ४४.१ मीडियन, एस ४४.२ रेडियल, एस ४४.३ अ‍ॅक्सिलरी, एस ४४.४ मस्क्युलोक्युटेनियस. हीच अल्नर किंवा मीडियन नस कोपराखाली कापली गेली तर कोड एस ५४ मध्ये जातो आणि मनगटाशी कापली गेली तर एस ६४ मध्ये. म्हणून ‘मीडियन नसेला इजा’ एवढे लिहून भागत नाही. जखम दंडावर आहे, पुढच्या हातावर आहे की मनगटावर, हे नोंदवावे लागते.

खांदा निखळण्याच्या घटनेत हे जवळून पाहता येते. दंडाच्या हाडाचा गोल माथा खोबणीतून पुढे सरकला की त्याच्या मानेला वळसा घालून जाणारी अ‍ॅक्सिलरी नस ताणली जाते. खांद्याचा डेल्टॉइड स्नायू दुबळा होतो आणि दंडाच्या वरच्या बाहेरच्या बाजूवर, गणवेशावर बिल्ला शिवतात त्या जागी, तळहाताएवढी त्वचा बधिर होते. सांधा बसवण्याच्या घाईत ही बधिरता आधी तपासून लिहिली गेली नाही आणि सांधा बसवल्यानंतर लक्षात आली, तर नस अपघातात दुखावली की उपचारात, हे सांगणारी कोणतीही नोंद उरत नाही. उजव्या हाताची ही इजा एस ४४.३१ अशी नोंदवायची, पण कोड इथे पुरा होत नाही. दुखापतींच्या कोडला सातवे स्थान भरावेच लागते आणि मधली रिकामी जागा एक्स या अक्षराने भरायची असते. सातव्या स्थानी ए म्हणजे उपचार चालू आहेत, डी म्हणजे भरून येण्याच्या काळातली देखभाल, आणि एस म्हणजे जुन्या इजेचा मागे उरलेला परिणाम. ए चा अर्थ पहिली भेट असा नाही, जरी नावावरून तसे वाटते. रुग्ण तिसऱ्यांदा आला आणि नसेवर शस्त्रक्रिया तेव्हा झाली, तरी सक्रिय उपचार चालू असल्याने कोड ए चाच राहतो. नवख्या कोडरकडून हमखास होणारी चूक इथली आहे.

क्रमाचाही नियम आहे. दंडाचे हाड मध्यावर मोडले की हाडाला चिकटून फिरणारी रेडियल नस कधी कधी चेपली जाते आणि मनगट खाली लोंबते. अशा वेळी मुख्य इजा हाडाची असेल आणि नसेचे नुकसान किरकोळ असेल, तर आधी फ्रॅक्चरचा एस ४२.३ आणि मग नसेचा एस ४४.२; पण मुख्य इजा नसेची असेल तर क्रम उलटा. कोणती इजा मुख्य हे ठरवण्याचा अधिकार डॉक्टरांचा आहे, एक्स-रे पाहून कोडरने तो स्वतःकडे घ्यायचा नसतो. वर्षभरानंतर मनगट तसेच लोंबलेले असेल, तर आधी मनगट लोंबण्याचा एम २१.३३ हा कोड आणि त्यामागे मूळ इजेचा कोड, सातव्या स्थानी एस लावून, असे दोन कोड द्यावे लागतात, आणि तेवढ्यासाठी वर्षापूर्वीच्या अपघाताचा उल्लेख नव्या केसपेपरवर असावा लागतो.

मानेतून येणारी कळ हा सर्वांत गोंधळाचा भाग आहे. मानेतल्या मुळाला त्रास होऊन हातात कळ उतरणे, म्हणजे रॅडिक्युलोपथी, याचा सर्वसाधारण कोड एम ५४.१२ आहे. मात्र कारण चकती असेल तर हा कोड चालत नाही. मग एम ५०.१ च्या घरात जावे लागते, आणि तिथे पातळीही सांगावी लागते : चौथ्या व पाचव्या मणक्यांमधली चकती असल्यास एम ५०.१२१, पाचव्या-सहाव्यामधली असल्यास एम ५०.१२२, सहाव्या-सातव्यामधली असल्यास एम ५०.१२३. एमआरआय अहवालात ही पातळी ठळकपणे दिलेली असते, पण चकतीचा फुगवटा चाळिशीनंतर ज्यांना काहीही त्रास नाही अशांच्या मानेतही सर्रास दिसतो. ‘हातातली कळ पाचव्या-सहाव्या मणक्यांमधल्या चकतीमुळे आहे’ असे तपासणाऱ्या डॉक्टरांनी म्हटल्याशिवाय फुगवट्याला कारण समजणे हे रुग्णाच्या नावावर न ठरलेला आजार चढवणे होय. शिवाय मानेत मूळ दबलेले आणि मनगटात मीडियन नस दबलेली, असे दोन्ही एकाच रुग्णात असू शकते. तेव्हा दोन्ही निदाने स्वतंत्रपणे लिहिली गेली तर दोन्ही कोड द्यायचे.

न ठरलेल्या निदानाबद्दल अमेरिकी नियमांत बाह्यरुग्ण आणि आंतररुग्ण असा फरक आहे, आणि तो पहिल्यांदा वाचणाऱ्याला विचित्र वाटतो. बाह्यरुग्ण विभागात ‘संभाव्य’, ‘शंका’, ‘नाकारायचे आहे’ अशा शब्दांसह लिहिलेले निदान कोड करायचे नाही. तिथे फक्त लक्षणाचा कोड द्यायचा, म्हणजे मुंग्यांसाठी आर २०.२ आणि हात दुखण्यासाठी एम ७९.६०. रुग्ण दाखल होऊन घरी जाताना मात्र तेच ‘संभाव्य’ निदान ठरले असे समजून कोड करायचे असते. त्यामागे कारण असे दिले जाते की दाखल रुग्णावर झालेला तपास आणि उपचार बहुतेक त्या निदानाला धरूनच झालेला असतो. बाह्यरुग्ण नियम अधिक सावध आहे आणि तो रुग्णाच्या बाजूचा आहे, कारण एका शंकेचा कोड विम्याच्या नोंदीत एकदा गेला की तो पुसणे फार कठीण असते.

कल्पनेने घेतलेल्या दोन नोंदी शेजारी ठेवल्या तर नोंदीतला एकेक शब्द काय काम करतो ते दिसते. पहिली नोंद अशी : ‘दोन महिने हाताला मुंग्या व दुखणे. कार्पल टनेल? नर्व्ह कंडक्शन करावे. गोळ्या दिल्या.’ या नोंदीवरून कोडरला मुंग्यांचा आर २०.२ आणि बाजू न नोंदलेल्या हाताच्या दुखण्याचा एम ७९.६०३ एवढेच देता येते. दुसरी नोंद अशी : ‘उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधले बोट रात्री बधिर होते, हात झटकल्यावर बरे वाटते. मनगट मिनिटभर वाकवून ठेवल्यावर उजवीकडे मुंग्या येतात, डावीकडे येत नाहीत. अंगठ्याच्या बुडाचा स्नायू किंचित झिजला आहे. मान फिरवल्याने त्रास वाढत नाही. नर्व्ह कंडक्शनमध्ये उजव्या मीडियन नसेतला वहनवेग मनगटापाशी मंदावलेला. निदान : उजव्या बाजूचा कार्पल टनेल सिंड्रोम.’ हिच्यावरून जी ५६.०१ निःशंकपणे देता येतो, आणि तेवढ्यावरच ती थांबत नाही : मानेबद्दलचे वाक्य रॅडिक्युलोपथीची शक्यता मागे सारते, स्नायूच्या झिजेचे वाक्य शस्त्रक्रियेची गरज का भासली याचे उत्तर विमा कंपनीला आधीच देते, आणि डाव्या हाताबद्दलचे वाक्य पुढच्या वर्षी डावीकडे त्रास सुरू झाला तर तो नवा आहे हे सिद्ध करते. लिहायला दोन मिनिटे जास्त लागतात. पण ती दोन मिनिटे वाचवली की विमा कंपनी दावा नाकारते, ज्याला या व्यवसायात डिनायल म्हणतात, आणि मग पत्रव्यवहारात आठवडे जातात, त्या काळात रुग्णाची नस दबलेलीच राहते.

पहिल्यासारखी नोंद हाती आली की कोडरने डॉक्टरांना लेखी प्रश्न विचारायचा असतो. त्याला क्वेरी म्हणतात. क्वेरीने उत्तर सुचवायचे नाही, असा या व्यवसायाचा दंडक आहे. ‘उजवा कार्पल टनेल लिहावा’ असे कोडरने म्हणायचे नाही. नोंदीतली लक्षणे आणि तपासण्या मांडून, त्यांच्याशी सुसंगत असे पर्याय, त्यांत ‘अन्य’ आणि ‘ठरवता येत नाही’ हेही पर्याय ठेवून, निर्णय डॉक्टरांकडे सोपवायचा, आणि कोणत्या उत्तराने किती पैसे मिळतील याचा उल्लेखही करायचा नाही. पुण्यातल्या कोडरला हजारो मैलांवरच्या, कधी न भेटलेल्या डॉक्टरांना हा प्रश्न विचारावा लागतो, आणि त्याच्या कामातला सर्वांत कौशल्याचा भाग कदाचित हाच आहे.

हात पूर्ण लुळा पडला असेल आणि नेमके कारण नोंदलेले नसेल, तेव्हा एका हाताच्या लुळेपणाचा जी ८३.२ हा कोड येतो, आणि तो बाजूखेरीज रुग्णाचा मुख्य हात कोणता हेही विचारतो. ते लिहिलेले नसेल तर नियम ठरावीक गृहीत धरतो : उजवा हात लुळा असेल तर तो मुख्य, डावा असेल तर दुय्यम, आणि दोन्ही हातांनी सारखे काम करणारा रुग्ण असेल तर लुळा हात मुख्य. डावखुऱ्या शिंप्याचा किंवा डावखुऱ्या वादकाचा डावा हात लुळा पडला आणि तो डावखुरा असल्याचे कुणी लिहिले नाही, तर कागदावर त्याचा दुय्यम हात गेलेला असतो. भरपाई आणि पुनर्वसनाचे निर्णय त्या कागदावर होतात, म्हणून ‘डावखुरा’ हा एक शब्द पहिल्याच तपासणीत लिहिला जायला हवा.

मधुमेहाबाबत अमेरिकी नियम एक दुवा आपोआप मानतो. मधुमेह आणि मज्जातंतूचा विकार दोन्ही लिहिलेले असतील तर ते परस्परांशी संबंधित आहेत असे गृहीत धरले जाते, डॉक्टरांनी तसे नसल्याचे स्पष्ट म्हटले तरच ते वेगळे होतात. एका नसेच्या विकारासाठी टाइप २ मधुमेहात ई ११.४१ हा एकत्रित कोड येतो. जागतिक आयसीडी-१० मध्ये याच जागी दोन कोडांची जोडी असते, मूळ आजाराला कट्यारीचे चिन्ह आणि त्यातून उपजलेल्या विकाराला तारकाचिन्ह. जन्माच्या वेळी खांदा अडकून जाळे ताणल्याने होणारी इजा पी १४ मध्ये येते : वरची मुळे दुखावल्यास एर्बचा पक्षाघात, पी १४.०, खालची दुखावल्यास क्लुम्पकेचा, पी १४.१. हा विकार आयुष्यभर टिकला तर त्याचा कोडही आयुष्यभर तोच राहतो, त्यामुळे चाळीस वर्षांच्या माणसाच्या केसपेपरवर नवजात बालकांच्या प्रकरणातला कोड दिसला तरी ती चूक समजू नये.

तपासण्या आणि शस्त्रक्रियांसाठी अमेरिकेत सीपीटी ही वेगळी कोडमाला आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने ती १९६६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. नसेतून वीज किती वेगाने वाहते हे मोजणाऱ्या नर्व्ह कंडक्शन तपासणीचे कोड तपासण्यांच्या संख्येवर ठरतात : एक-दोन असतील तर ९५९०७, तीन-चार असतील तर ९५९०८, आणि असे वाढत तेरा किंवा अधिक असतील तर ९५९१३. एकाच नसेची हालचालीची तपासणी दोन ठिकाणी केली तरी ती एकच मोजायची. संवेदनेची तपासणी मात्र वेगळी मोजायची. मनगटाचा बोगदा उघडून मोकळा करण्याची शस्त्रक्रिया ६४७२१, आणि तीच दुर्बिणीतून केली तर २९८४८. शस्त्रक्रियेच्या टिपणात छेद कसा घेतला हे लिहिलेले नसेल, तर या दोहोंतला फरक कोडरला कळण्याचा मार्ग नाही.

या सगळ्या तपशिलाच्या पलीकडे एक गोष्ट उरते, जी कोणत्याही कोडमध्ये नाही, आणि रुग्णाच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची असते : नस किती दुखावली आहे. ब्रिटिश शल्यविशारद हर्बर्ट सेडन यांनी १९४३ मध्ये नसेच्या इजांचे तीन प्रकार केले. पहिल्यात नसेचे वहन तात्पुरते थांबते आणि काही आठवड्यांत परत येते. दुसऱ्यात आतले तंतू तुटतात पण त्यांची आवरणे शाबूत असल्याने तंतू महिन्याला साधारण एक इंच या गतीने पुन्हा वाढतात. तिसऱ्यात संपूर्ण नस तुटते आणि शस्त्रक्रियेशिवाय हाताला आशा नसते. सिडनी संडरलँड यांनी १९५१ मध्ये याच्या पाच पायऱ्या केल्या. रेडियल नसेचा एस ४४.२१ हा कोड मात्र महिनाभरात बरा होणाऱ्या हातालाही तोच आणि कायमच्या गेलेल्या हातालाही तोच. फरक फक्त टिपणात दिसतो : स्नायूची शक्ती शून्य ते पाच या मापात किती, बधिरतेची सीमा कुठवर, अपघाताची तारीख कोणती आणि स्नायूंच्या विद्युत तपासणीची तारीख कोणती. तंतू तुटल्याच्या खुणा या तपासणीत दोन-तीन आठवड्यांनी उमटतात, त्यामुळे अपघातानंतर तिसऱ्या दिवशी केलेल्या तपासणीत त्या दिसल्या नाहीत म्हणून नस शाबूत आहे असे म्हणता येत नाही, आणि तारखेविना तो अहवाल वाचणारा पुढचा डॉक्टर फसू शकतो.

भारतात हा प्रश्न मोटारसायकलींमुळे विशेष जवळचा आहे. स्वार डोक्यावर आणि खांद्यावर आपटतो, मान एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ओढला जातो आणि ब्रेकियल प्लेक्ससची मुळे ताणली जातात, कधी मज्जारज्जूपासून उपटली जातात. अशा रुग्णांत तरुण कमावत्या पुरुषांची संख्या मोठी असते. नसेवरच्या दुरुस्तीची मुदत महिन्यांत मोजली जाते, कारण नसेविना फार काळ राहिलेला स्नायू नंतर नस जोडली तरी जागा होत नाही. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या दावा-अर्जाच्या ज्या भागात रुग्णालयाने माहिती भरायची असते, तिथे निदानासाठी आयसीडी-१० च्या कोडला जागा आहे. पण जागतिक आयसीडी-१० मध्ये उजवी-डावी बाजू मुळातच नाही, आणि जी ५६.० हा कोड दोन्ही हातांना सारखाच लागू पडतो. अकराव्या आवृत्तीने, जी मे २०१९ मध्ये स्वीकारली गेली आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली, मूळ कोडला बाजूचा वेगळा जोडकोड लावण्याची सोय केली आहे. ती सोय सरावाची होईपर्यंत डिस्चार्ज कार्डवरच्या निदानाच्या ओळीत बाजू, दुखावलेल्या मुळांची किंवा नसेची नावे, अपघाताची तारीख आणि खांदा, कोपर, मनगट व बोटांची त्या दिवशीची शक्ती शब्दांत लिहिलेली असेल, तर तालुक्याच्या गावातून मुंबई-पुण्याच्या शल्यविशारदाकडे पोचलेल्या तरुणाची तपासणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही, आणि शस्त्रक्रियेच्या मुदतीतले मोलाचे आठवडे त्याच्या हाती राहतात.